विश्लेषण : शाळेच्या ग्रुपवरील कोणत्या सूचना पालकांनी चुकवू नयेत?

प्रभात फेरी आणि स्नेहसंमेलनाच्या फोटोंच्या गर्दीत पालक सभा, आधार दुरुस्ती आणि सप्टेंबरअखेरचा पट या सूचना वर सरकून जातात. पुढच्या वर्षी वर्गावर शिक्षक असेल की नसेल, हे मात्र याच सूचनांवर ठरते.

जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महापालिकेच्या प्राथमिक शाळेत मूल शिकत असेल, तर पालकांच्या मोबाइलमध्ये शाळेचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच. जून ते एप्रिल या काळात त्यावर शेकडो संदेश येतात. उद्या रंगीत कपडे घालून पाठवा, शनिवारी दप्तर नको, जंतनाशक गोळी आहे तेव्हा जेवून पाठवा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, फोटो, पुन्हा फोटो. यातच कधी तरी दोन ओळींचा संदेश येतो: ‘शाळा व्यवस्थापन समितीच्या पुनर्रचनेसाठी पालक सभा, सकाळी १० वाजता, सर्वांनी उपस्थित राहावे.’ त्याखाली पाच-सहा अंगठे उमटतात आणि प्रत्यक्ष सभेला बहुधा तेवढेही पालक नसतात. शाळेच्या वर्षभरातील बातम्या आणि आगामी कार्यक्रमांपैकी कशाचा परिणाम मुलाच्या शिक्षणावर थेट होतो, याचा हा आढावा.

शाळेचे वर्ष नेमके कधी सुरू होते?

कागदावर १५ जूनला. विदर्भात उन्हामुळे शाळा साधारण आठवडाभर उशिरा उघडतात. १५ तारखेला रविवार आला तर दिवस पुढे जातो. २०२५ मध्ये राज्याच्या इतर भागांत १६ जूनला आणि विदर्भात २३ जूनला शाळा सुरू झाल्या.

पहिलीत जाणाऱ्या मुलासाठी मात्र वर्षाची सुरुवात एप्रिलमध्येच होते. ‘पहिले पाऊल’ या नावाने २०२२ पासून राज्यातील शाळांमध्ये शाळापूर्व तयारी मेळावे घेतले जातात. पहिला मेळावा एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये. मूल एकेका टेबलावर जाते. कुठे दोरीवरून चालते, कुठे वस्तूंचे गट पाडते, कुठे चित्र पाहून गोष्ट सांगते, कुठे मणी मोजते. ही प्रवेश परीक्षा नसते. शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास मनाईच आहे. मूल कोणत्या गोष्टीत मागे आहे हे आईला कळावे आणि मधल्या सुट्टीच्या काळात घरी तेवढा सराव व्हावा, हा हेतू असतो. त्यासाठी वस्तीवरच्या आयांचे ‘माता गट’ केले जातात. एप्रिलचा मेळावा चुकला तरी प्रवेश मिळतो, पण सरावासाठीचे ते दोन महिने हातचे जातात.

जन्माचा दाखला किंवा आधार कार्ड नाही म्हणून पहिलीचा प्रवेश नाकारता येत नाही. ‘कागद पूर्ण करून मग या’ असे कोणी सांगितले, तर प्रवेश आधी आणि कागद नंतर, असा आग्रह पालकांनी धरायला हरकत नाही.

‘पालक सभा’ ही केवळ औपचारिकता असते का?

बहुतेक ठिकाणी तिची औपचारिकता झाली आहे, हे खरे. कायद्याने मात्र तिला बरेच अधिकार दिले आहेत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील कलम २१ नुसार विनाअनुदानित खासगी शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांमध्ये निम्म्या महिला असतात. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो. मुख्याध्यापक हे समितीचे सचिव असतात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार दर दोन वर्षांनी समितीची पुनर्रचना होते.

समितीने करायचे काय? शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, सरकारकडून आणि इतर ठिकाणांहून आलेला पैसा कुठे खर्च झाला ते पाहणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे. हा आराखडा तीन वर्षांचा असतो आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार व्हावा अशी अपेक्षा आहे. गळके छप्पर, मुलींचे बंद स्वच्छतागृह, कुंपण नसलेले मैदान ही कामे त्यात लिहिली गेली नाहीत, तर पुढे मागणी करताना शाळेच्या हातात कागद नसतो. फेब्रुवारीत ग्रुपवर ‘आमच्या शाळेचे छत कधी होणार’ असे विचारणाऱ्या पालकाला डिसेंबरच्या बैठकीची सूचना आठवत नाही, असे अनेक गावांत घडते.

रकमा फार मोठ्या नसतात. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. ३० पर्यंत मुले असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता हे सगळे यातच बसवायचे. रक्कम एवढी कमी असताना ती कशावर खर्च करायची, हे ठरवण्यात पालकांचा हात असणे अधिक गरजेचे ठरते.

गणवेशाच्या गोंधळाने काय दाखवले?

पालकांची समिती बाजूला पडली की काय होते, याचे अलीकडचे उदाहरण गणवेशाचे आहे. आधी गणवेशाचा निधी शाळा व्यवस्थापन समितीकडे येत असे आणि समिती स्थानिक पातळीवर खरेदी करत असे. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारने एकसमान गणवेशाचे धोरण आणले. कापड एका ठिकाणाहून आणि शिलाई महिला बचत गटांमार्फत, अशी ती व्यवस्था होती. अनेक शाळांत स्वातंत्र्य दिन उलटला तरी गणवेश पोहोचले नाहीत. जिथे पोहोचले तिथे मापाच्या तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाची जबाबदारी पुन्हा समितीकडे दिली. रंग ठरवण्याचा अधिकारही समितीचाच.

दोन गणवेशांसाठी प्रति विद्यार्थी ६०० रुपये मिळतात. तेवढ्यात चांगले कापड बसवणे हे कसरतीचे काम आहे. तरी गावातल्या शिंप्याने मुलाचे माप घेऊन शिवलेली पँट आणि ठोकळ मापाची पँट यातला फरक आईला वेगळा सांगावा लागत नाही. म्हणून ‘गणवेश खरेदीबाबत बैठक’ ही सूचना दिसली की जायला हवे. दुकानदार ठरून झाल्यावर कापडाविषयी तक्रार करून काही हाती लागत नाही.

३० सप्टेंबर या तारखेला एवढे महत्त्व कशासाठी?

शाळेच्या कॅलेंडरवर ३० सप्टेंबरला कोणताही कार्यक्रम नसतो. ना भाषण, ना खाऊ. पण शिक्षकांच्या दृष्टीने वर्षातला हा सर्वांत धाकधुकीचा दिवस. यू-डायस प्लस या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीत शाळेची माहिती भरण्यासाठी ही संदर्भ तारीख मानली जाते आणि त्या वेळच्या पटावर ‘संचमान्यता’ होते. संचमान्यता म्हणजे एखाद्या शाळेत शिक्षकांची किती पदे मंजूर, याचा वर्षातून एकदा होणारा हिशोब.

हिशोबाचा पाया शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार. समजा, एका वाडीच्या शाळेत ६१ मुले आणि तीन शिक्षक आहेत. सप्टेंबरअखेर पट ६० नोंदला गेला, तर तिसरे पद धोक्यात येते. तो शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते. उरलेल्या दोघांनी पाच इयत्ता सांभाळायच्या. म्हणजे एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी, चौथी आणि पाचवी. पाचवीला भागाकार समजावताना तिसरीची मुले पाढे लिहीत बसतात. एका मुलाच्या नोंदीवर साठ मुलांचे वर्ष फिरते, ते असे.

मूल तर रोज शाळेत येते, मग पटावर का दिसत नाही?

कारण वर्गातला पट आणि संगणकातला पट वेगळा असू शकतो. गेल्या काही वर्षांत संचमान्यतेसाठी आधार वैध ठरलेल्या विद्यार्थ्यांचीच संख्या धरण्याची पद्धत आली. मुलाचे नाव, लिंग आणि जन्मतारीख शाळेच्या नोंदीत आणि आधारवर तंतोतंत जुळली तरच नोंद वैध. शाळेत ‘सार्थक’ आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी, एवढ्यावर नोंद अडकते. कुठे वडिलांचे नाव आधी, कुठे आडनाव गाळलेले, कुठे जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी टाकलेली. बनावट पट रोखण्यासाठी ही व्यवस्था आणली गेली आणि तो प्रश्न खराच होता. पण खऱ्या मुलाची नोंद स्पेलिंगमुळे बाद होणे, ही त्या उपायाची किंमत वाड्यावस्त्यांवरच्या शाळा मोजत आहेत.

यावर इलाज पालकांच्याच हातात आहे, कारण आधारमधील दुरुस्ती शाळा करू शकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रुपवर ‘खालील विद्यार्थ्यांचे आधार मिसमॅच आहे’ अशी यादी येते. त्यात मुलाचे नाव असेल तर जवळच्या आधार केंद्रावर जन्मदाखला घेऊन जावे लागते. पाच वर्षांच्या आत काढलेल्या निळ्या बाल आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. मूल पाच वर्षांचे झाले की ते द्यावे लागतात आणि पाच ते सात या वयात त्यासाठी शुल्क नाही. पहिलीत प्रवेश घेतलेली बहुतेक मुले याच वयाची असतात. केंद्र तालुक्याला असेल तर एक दिवसाची मजुरी बुडते, ही अडचण खरीच. एखादा दिवस ठरवून गावातच शिबिर लावण्याची मागणी समितीने लेखी केली, तर दहा कुटुंबांच्या फेऱ्या वाचू शकतात. ही यादी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हातात घेऊन उपयोग नसतो. तेव्हा आधार केंद्रांवर रांगा असतात आणि दुरुस्ती संगणकात उतरायलाही दिवस लागतात.

पट वीसच्या खाली गेला तर शाळा बंद होते का?

आपोआप नाही. पण चर्चा तिथूनच सुरू होते. राज्यात २० किंवा त्यापेक्षा कमी पट असलेल्या शाळांची संख्या १४ हजारांहून अधिक असल्याचे २०२३ मध्ये समोर आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अशा छोट्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने मागवले. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुण्यातील पानशेत येथील प्रयोगांचा दाखला तेव्हा दिला गेला. समर्थकांचे म्हणणे असे की, चार मुलांच्या वर्गात खेळ, स्पर्धा, गटात शिकणे काहीच होत नाही. विरोधकांचा प्रश्न असा की, ओढा ओलांडून जाणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला बस नियमित मिळेल याची हमी कोण देणार? महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. डोंगराळ भागात हे अंतर नकाशावर एक असते आणि पावसाळ्यात पायी चालताना वेगळेच होते.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. वीसपर्यंत पट असलेल्या शाळेत एक नियमित शिक्षक आणि दुसऱ्या पदावर सेवानिवृत्त शिक्षक, अशी त्यात तरतूद होती. त्याला शिक्षक संघटनांनी तीव्र विरोध केला. पालकांच्या बाजूने पाहिले तर मुद्दा साधा आहे. एकमेव शिक्षक तालुक्याच्या बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, की त्या दिवशी शाळेत कोण?

पट घसरणे हा एकेरी रस्ता नाही, याचेही उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. ग्रामस्थ आणि शिक्षकांनी मिळून ती उभी केली आणि २०२५ मध्ये तिला टी फोर एज्युकेशन या संस्थेच्या जागतिक शाळा पुरस्कारांमधील ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार मिळाला. प्रत्येक वाडीला हे जमेल असे नाही. तेथे लोकसहभागातून जेवढे उभे राहिले, तेवढे सर्वत्र राहावे अशी अपेक्षा सरकारने धरणेही योग्य नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी कोणती सूचना महत्त्वाची?

हंगामी वसतिगृहाची. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतील हजारो कुटुंबे दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. सप्टेंबरअखेर पटावर असलेली मुले नोव्हेंबरात फडावर पोहोचतात आणि परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे गावातच राहणाऱ्या मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहे चालवली जातात. त्यांचा प्रस्ताव किती मुलांसाठी पाठवायचा, हे स्थलांतर सुरू होण्याआधीच्या बैठकीत ठरते. ट्रकमध्ये सामान चढल्यावर नाव नोंदवायला गेले तर उशीर झालेला असतो. मुलाला सोबत नेणार असाल, तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. त्यावर मुलाची इयत्ता आणि प्रगती नोंदलेली असते आणि कारखान्याजवळच्या शाळेत त्यावर बसता येते.

चाचण्या आणि परीक्षांमध्ये काय बदलले?

वर्षात तीन नियतकालिक चाचण्या होतात: सुरुवातीला पायाभूत, पहिल्या सत्राअखेर संकलित एक आणि एप्रिलमध्ये संकलित दोन. पायाभूत चाचणीतील गुणांवरून घरी आरडाओरडा करण्याचे कारण नाही. मागच्या इयत्तेतले काय राहिले, हे शिक्षकाला कळावे म्हणून ती असते.

पाचवीचे तसे नाही. ‘आठवीपर्यंत नापास नाही’ हे वाक्य अजूनही गावोगाव ऐकू येते, पण २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीही हुकली तर त्याच इयत्तेत बसावे लागते. शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही. मे महिन्यात मामाच्या गावी गेलेल्या मुलाच्या पालकांनी पुनर्परीक्षेच्या तारखेची सूचना याच कारणाने पाहायला हवी.

शिष्यवृत्ती परीक्षेतही बदल झाला आहे. मधली काही वर्षे ती पाचवी आणि आठवीला होती. आता पुन्हा चौथी आणि सातवीला आली असून, बदलाच्या २०२५-२६ या वर्षात चारही इयत्तांसाठी ती ठेवण्यात आली. थोरल्या भावाची पुस्तके धाकट्याला द्यायची ठेवली असतील, तर त्यावरची इयत्ता एकदा तपासावी.

जेवण, आरोग्य आणि सुरक्षा यांच्या सूचनांचे काय?

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. मुलांना वाढण्याआधी अन्नाची चव घेतली जावी, असा दंडक आहे. समितीतल्या पालकाने आठवड्यातून एकदा खिचडी चाखायला जाणे हा कोणावर अविश्वास दाखवणे नव्हे. अंड्यांसाठीचा स्वतंत्र निधी २०२५ च्या सुरुवातीला थांबल्यानंतर अंडी द्यायची तर लोकवर्गणीतून, अशी स्थिती आली. त्यामुळे हा विषयही आता पालक सभेतच येतो. आरोग्य तपासणीचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. त्या दिवशी मूल घरी राहिले, तर चष्म्याचा नंबर किंवा हृदयातला दोष समजायला पुढचे वर्ष उजाडू शकते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकारानंतर सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी यांबाबत सरकारने आदेश काढले. सखी सावित्री समिती स्थापण्याचा निर्णय त्याआधीचा, २०२२ चा आहे. आपल्या शाळेत ही समिती आहे का, तिच्यातील सदस्यांची नावे दर्शनी भागात लावली आहेत का आणि तक्रारपेटी कोण उघडतो, हे तीन प्रश्न पहिल्याच सभेत विचारता येतात.

सभेची सूचनाच आली नाही तर?

समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा व्हावी, असा नियम आहे. प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त लिहिले जाते आणि त्यावर उपस्थितांच्या सह्या असतात. घरी वही पाठवून सह्या गोळा करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. अशी वही आली तर सही करण्याआधी वर काय लिहिले आहे ते वाचावे आणि बैठक झालीच नसेल तर सही देऊ नये. इतिवृत्ताची वही पाहायला मागण्याचा अधिकार पालकांना आहे. मुख्याध्यापकांकडून उत्तर मिळाले नाही तर केंद्रप्रमुख आणि त्यानंतर पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पुढची बैठक कोणत्या तारखेला, एवढे एक वाक्य त्या अर्जात पुरते.